बाबांच्या पोटातला बुरा

आईचा फोन आला तेव्हा मी ऑटोक्लेव्हचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या प्रेशर कुकरचा, काटा १५ पौंडांवर टेकायची वाट बघत होते. अशा वेळी मी फोन घेत नाही. पण लागोपाठ तिसऱ्यांदा वाजला, म्हणून घेतला.

"अव, यायच्या पोटात बुरा आला म्हंते डॉक्टर. लोणच्याले येते तसा."

बाबांची दुर्बिणीची तपासणी त्याच दिवशी सकाळी नागपुरात रामदासपेठेत झाली होती. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर, मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून धाकटा भाऊ घेऊन गेला होता. रिपोर्टवर काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हटलं, तर आई म्हणाली, "ते तू घरी येऊन पाय. पण मले एक सांग. पोटात तं तेजाब असते म्हणतेस ना तू? मंग त्याच्यात बुरा जगते कसा?"

मी २६ वर्षं एका कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. प्लेटा ओतते, काचसामान धुते, कल्चर जपते. मुलं मला मॅडम म्हणतात, पगाराची स्लिप म्हणत नाही. इतक्या वर्षांत कुठल्याही परीक्षकानं मौखिकीत इतका नेमका प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. तिला म्हटलं, संध्याकाळी सांगते. संध्याकाळी काही नीट सांगता आलं नाही, आणि त्याचंच हे लांबण.

आधी बाबांबद्दल. वय ७४. आयुष्य एका कापड गिरणीच्या कताई खात्यात गेलं, निम्मं रात्रपाळीत. दमा आहे, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप तोंडात ओढायचा. साखर आहे. आणि जिभेला सावजी रस्सा लागतो, निदान रविवारी. त्यापायी जळजळ. एका डॉक्टरनं १४ दिवसांसाठी पॅन्टोप्राझोल, जठराचं आम्ल कमी करणारी गोळी, लिहून दिली होती. ती चिठ्ठी देव्हाऱ्यातल्या डबीत घडी करून ठेवलेली, आणि बाबा ती दर महिन्याला औषधाच्या दुकानात दाखवत गेले. असे १४ दिवसांचे ९ वर्षं झाले. मी त्याच घरात राहते आणि माझ्या लक्षात आलं नाही, हेही लिहून टाकते.

रिपोर्टात फोटो होते. गुलाबी अन्ननलिका आणि तिच्यावर दह्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके. पाण्याचा फवारा मारूनही न निघणारे. जठराला थोडी सूज, जखम नाही. खाली लिहिलं होतं: कॅन्डिडा, यीस्टच्या म्हणजे एकपेशी बुऱ्याच्या जातीतला. म्हणजे आईच्या भाषेतलं 'पोट' गळ्यापासून सुरू होतं आणि बुरा मुख्यतः जठराच्या वरच्या मजल्यावर होता. पण तिचा प्रश्न त्यानं खोटा ठरत नाही. कारण तो बुरा गिळला जातो, खाली जातो, आणि खाली जाऊन मरतोच असं नाही.

यीस्ट आम्लात जगतो याचं मला खरं तर कधीच नवल वाटायला नको होतं. दर डिसेंबरात मी कळमन्याच्या बाजारातून डागी संत्री आणते. आंबिया बहराचा माल तेव्हा जोरात असतो आणि दबलेली, फुटलेली फळं कोणी विचारत नाही. बी.एस्सी.च्या मुलांना सालीवरून यीस्ट वेगळा काढायचा असतो. साल पाण्यात खळबळायची, ते पाणी गोड ब्रोथमध्ये, म्हणजे यीस्टच्या पातळ खाद्यात, टाकायचं, दोन दिवसांनी फ्लास्क हुंगायचा. मोहफुलाच्या भट्टीवरून गेलेल्या कुणालाही तो वास ओळखता येईल. संत्र्याच्या रसाचा पीएच, शाळेच्या पुस्तकात ज्याला सामू म्हणतात तो, साडेतीन-चारच्या आसपास असतो. बहुतेक जिवाणूंना तिथं नकोसं होतं. यीस्टचं मात्र ते माहेर. तो आंबट-गोड फळांवरच वाढलेला.

पण संत्रं वेगळं, जठर वेगळं. रिकाम्या जठरात पीएच दीड-दोनपर्यंत उतरतो. सामू एका अंकानं उतरला की आम्ल दहा पटीनं वाढतं, त्यामुळे साडेतीन आणि दीड यांत शंभर पटींचा फरक आहे. शिवाय पेप्सिन आहे, प्रथिनं चिरायला बसलेलं. त्या रसात पडलेल्या यीस्टच्या पेशीचं आतलं पाणी मात्र जवळपास सातवर, म्हणजे उदासीन. बाहेर दोन, आत सात. बाहेर आम्ल आतल्याच्या लाख पट. मध्ये फक्त एक पातळ पापुद्रा आणि त्याच्याबाहेरची भिंत.

आईला हे मी पुराच्या गोष्टीनं सांगितलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा खालच्या अंगाला राहणाऱ्या मावशीच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. शेजारच्या बंगल्यात जनरेटर होता. त्यांनी तळघरातल्या मोटारी चालू ठेवल्या आणि त्यांचं सामान पुष्कळसं वाचलं. भिंती दोन्ही घरांच्या सारख्याच झिरपत होत्या. यीस्टच्या पापुद्र्यात अशाच मोटारी बसवलेल्या असतात. आम्ल म्हणजे शेवटी हायड्रोजनचे धन आयन. आत शिरलेला आयन ही मोटार उचलून बाहेर टाकते आणि दर खेपेला इंधनाचा, एटीपीचा, एक रेणू जाळते. पेशीच्या कमाईतला मोठा वाटा या एकाच कामावर जातो. पोटात साखर असेल तर मोटार जोरात चालते. भरल्या पोटी गिळलेल्या यीस्टचं म्हणून बरं असतं: खायला मिळतं, आणि अन्नानं जठराचा आंबटपणाही काही वेळ पातळ झालेला असतो.

"आन् लाइट गेली तं?" आईनं विचारलं.

तिला मावशीचं घर आठवत होतं. मला २०१६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतून आलेलं काम आठवलं. सरांनी ते छापून नोटीस बोर्डावर लावलं होतं आणि मुलांपेक्षा मीच जास्त वेळा वाचलं. यीस्टच्या पेशीचं इंधन तोडलं की मोटारी मंदावतात, आतलं पाणी आंबट होऊ लागतं. तिथं पेशी संपायला हवी. पण होतं असं, की आम्ल वाढताच आतली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात आणि पातळ पेशीरस घट्ट होतो. दूध विरजलं की कसं थिजतं, तसंच. सगळा व्यवहार थांबतो. पेशी कडक होते, झोपते. पुढे खाणं मिळालं आणि आंबटपणा उतरला की पुन्हा पातळ होऊन कामाला लागते. दह्याचं परत दूध होतं, एवढंच काय ते आपल्या स्वयंपाकघरात न घडणारं.

याच ठिकाणी मला एक आडवाट घेऊ द्या, कारण दर वर्षी मुलं इथेच चुकतात. आंबट म्हणजे आंबट, असं त्यांना वाटतं. मी दोन फ्लास्क लावून देते. एकात हायड्रोक्लोरिक आम्लानं ब्रोथचा पीएच तीनवर आणलेला. दुसऱ्यात पाव भाग व्हिनेगर, पीएच चारच्या आसपास, म्हणजे कमी आंबट. दोन्हीत बेकरीचा यीस्ट. दोन दिवसांनी पहिला फ्लास्क रेंगाळत का होईना गढूळ होतो, दुसरा काचेसारखा स्वच्छ. मुलं लेबलं उलटी लागली म्हणून भांडतात. लेबलं बरोबर असतात. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडताच पूर्ण फुटतं, आणि फुटलेले आयन पापुद्र्यावर अडतात. व्हिनेगरातलं ॲसिटिक आम्ल बरंचसं न फुटता अख्खं राहतं. अख्ख्या रेणूला पापुद्रा अडवत नाही. तो आत जातो आणि आतल्या उदासीन पाण्यात गेल्यावर फुटतो. मोटारींना मग उसंत मिळत नाही. म्हणून व्हिनेगरची बाटली टिकाऊ आणि जठराचा रस, आकड्यांत कितीतरी जास्त जहाल असूनही, यीस्टला सोसवणारा. आईला मी हे सांगितलं नाही. तिनं लगेच बाबांना व्हिनेगर पाजलं असतं.

तर पेशी जगली. पण जगणं आणि बस्तान बसवणं यांत फरक आहे, आणि बुरा म्हणजे बस्तान.

जठरातून प्यायलेलं पाणी थोड्याच वेळात निघून जातं, जेवण काही तासांत. सुटी पेशी त्याच लोंढ्यात पुढे ढकलली जाते. गणेशपेठच्या बसस्टँडवर माणूस रात्र काढू शकतो, संसार थाटू शकत नाही. याचं उत्तम उदाहरण आपल्या घरात असतं आणि आपण ते ओळखत नाही: जुलाबावर डॉक्टर जी यीस्टची पुडी देतात ती. तिच्यातल्या यीस्टला सॅकरोमायसिस बोलार्डी म्हणतात. १९२० च्या दशकात आँरी बूलार हा फ्रेंच माणूस इंडोचायनात होता. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात हे त्यानं पाहिलं आणि त्या फळांवरून हा यीस्ट वेगळा केला. पुन्हा फळाची सालच. हा ३७ अंशांवर, आपल्या अंगाच्या उष्णतेत, मजेत वाढतो, जठर बऱ्यापैकी पार करतो, जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. पण पुडी बंद केली की काही दिवसांत आतड्यातून दिसेनासा होतो. काम केलं, गाडी पकडली, गेला.

कॅन्डिडा थांबतो. कसा थांबतो ते समजायला आईची बरणी पुरते.

आई खारातली लिंबं घालते, बिनतेलाची. नवतपाच्या दिवसांत गच्चीवर फडकं बांधून बरणी उन्हात. कधी एखादं लिंबू खाराच्या वर डोकं काढून बसलं, की चार-आठ दिवसांत पांढरी साय धरते. आधी धूळ पडल्यासारखी, मग सलग, मग सुरकुतलेली. हीच बायोफिल्म. खारात ढवळलेला यीस्ट वेगळा आणि सायीतला वेगळा, जरी पेशी त्याच असल्या तरी. २००१ साली अमेरिकेत रेनॉल्ड्स आणि फिंक यांनी साध्या बेकरीच्या यीस्टमध्ये दाखवलं, की तो प्लॅस्टिकला चिकटून असा थर धरतो आणि त्यासाठी त्याला एफएलओ-११ या जनुकाची गरज असते. त्या जनुकापासून भिंतीबाहेर लोंबणारं चिकट प्रथिन बनतं. स्पेनमध्ये शेरीच्या पिंपांवर हीच साय मुद्दाम धरू देतात. आपण पळीनं काढून फेकतो, ते तिच्यावर दारू मुरवतात.

आईला सायीबद्दल एक गोष्ट अनुभवानं ठाऊक आहे, जी मला पुस्तकानं सांगावी लागली: "साय धरली का लिंबू फुसकं होते." म्हणजे आंबटपणा उतरतो. अगदी खरं. सायीतला यीस्ट हवा घेऊन खारातलं आम्लच खातो. आंबटपणा उतरला की मग ज्यांना आधी दाराशी उभं राहता येत नव्हतं ते जिवाणू आणि काळे-हिरवे बुरे येतात.

कॅन्डिडाचं तंत्र या अंगानं फार धूर्त आहे. आंबट जागी तो गोल पेशीच्या रूपात राहतो. सामू उदासीनाकडे सरकला की त्याला धाग्यासारखे कोंब फुटतात. बाजूचा सामू ओळखून तो भिंत विणायची हत्यारंसुद्धा बदलतो: आंबटात एक एन्झाइम, उदासीनात दुसरं. हिवाळ्यात गोधडी, उन्हाळ्यात पंचा. जाड थर धरायला त्याला कोंब लागतात, कारण कोंबांचा सांगाडा उभा राहिला की त्याच्या बेचक्यांत गोल पेशी बसतात. म्हणून आंबट ब्रोथमध्ये त्याचा थर पातळ येतो, उदासीनात गादीसारखा. मग आंबट जागी अडकलेला कॅन्डिडा काय करतो? २०११ साली टेक्सासमधल्या लॉरेन्झ यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की साखर कमी आणि अमिनो आम्लं भरपूर असली की तो ती अमिनो आम्लं खातो आणि अमोनिया बाहेर सोडतो. बारा तासांच्या आत त्यानं भोवतालचा पीएच चारवरून सातच्या वर नेला. आणि मग त्याच सामूच्या इशाऱ्यावर स्वतःच कोंब फोडले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विभागात एकटीच होते आणि मोठ्यानं "वा रे पठ्ठ्या" म्हटलं. आता बाबांच्या संदर्भात तेवढी गंमत वाटत नाही.

प्रयोगशाळेत प्लॅस्टिकवर हा सगळा पसारा दीड-दोन दिवसांत उभा राहतो. पहिल्या तास-दीड तासात पेशी चिकटतात. त्यासाठी त्यांच्या भिंतीवर चिकट प्रथिनांची माळ असते. मग त्या वाढतात, कोंब फुटतात, आणि सगळे मिळून आपल्याभोवती एक लगदा ओततात. २०१४ साली त्या लगद्याचा हिशेब कुणी मांडला, तर निम्म्याहून थोडं जास्त प्रथिन निघालं, पाव भाग कर्बोदकं, बाकी चरबी आणि जरासं डीएनए. त्यातल्या ग्लुकान नावाच्या कर्बोदकात फ्लुकोनाझोल, म्हणजे बाबांना बुऱ्यावर दिलेलीच गोळी, अडकून पडते. पेशीपर्यंत पुरेशी पोचतच नाही. सुट्या पेशीला जेवढं औषध मारतं त्याच्या शेकडो पट औषध थरातल्या पेशी सोसतात. खालच्या थरात तर काही पेशी जवळजवळ काहीच करत नसतात. न खाणाऱ्याला विष कसं घालणार? आणि थर जुना झाला की वरून गोल पेशी सुटतात, पुढचं ठिकाण शोधायला.

एक शंका माझ्या मनात बरीच वर्षं होती. हे सगळं प्लॅस्टिकवर ठीक. पण खऱ्या जठरात, आम्ल पाझरणाऱ्या अस्तरावर, यीस्ट थर धरून राहतो का? उत्तर माझ्या जन्माच्या आधीच छापलं गेलं होतं. १९६७ साली सॅव्हेज आणि रेने द्युबो यांनी उंदरांची जठरं बारीक काप करून पाहिली. उंदराच्या जठराचे दोन भाग असतात. एक कातडीसारखा राठ, आम्ल न पाझरणारा. दुसरा आम्ल पाझरणारा. राठ भागावर दह्याच्या घराण्यातले लॅक्टोबॅसिलस दाटीनं बसलेले. आणि आम्लाच्या भागावर, जिथं कुणी बसेल असं वाटत नाही तिथं, यीस्टचा थर. निरोगी उंदरांत, रोजच्या रोज. १९६९ साली सॅव्हेजनं पुढची पायरी केली: उंदरांना पेनिसिलिन दिलं. लॅक्टोबॅसिलस गेले आणि यीस्ट पसरत राठ भागावरही आला. लॅक्टोबॅसिलस परतल्यावर त्याला तिथून हटावं लागलं.

मला यातून जे दिसतं ते असं. यीस्टला आम्ल आवडतं म्हणून तो तिथं बसला नव्हता. चांगली जागा दुसऱ्यांनी धरली होती. त्याला आम्ल परवडतं, शेजाऱ्यांना परवडत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्याचं घर उभं होतं. शिवाय जठराच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा लेप असतो आणि त्यात खाली आम्ल मारणारं बायकार्बोनेट पाझरत असतं. पोकळीत पीएच दोन असला तरी लेपाच्या तळाशी, अस्तराला लागून, तो सातच्या जवळ जातो. म्हणजे तेजाबाच्या विहिरीतही काठाशी पायऱ्या आहेत.

माणसाच्या जठराला उंदरासारखा राठ भाग नाही. आपल्या जठरात कॅन्डिडा सापडतो तो बहुधा येता-जाता, नाहीतर एखाद्या जुन्या अल्सरच्या खड्ड्यात. तिथंही अल्सर त्यानं केला असं सहसा नसतं, खड्डा आधीचा असतो आणि हा नंतर येऊन बसतो.

आता ॲसिडिटीची गोळी. इथं मला एक गोष्ट सुचली आणि रात्री झोप लागेना. जठर आम्ल कसं करतं? त्याच्या पेशींतही मोटारीच असतात. हायड्रोजनचे आयन उचलून बाहेर, पोकळीत टाकणाऱ्या. यीस्टच्या मोटारीच्या आणि त्यांच्या बांधणीत घराण्याचं साम्य आहे, एकाच मोठ्या कुळातल्या दोघी. म्हणजे बाबांच्या पोटात दोन बाजूंना सारख्याच मोटारी चालू होत्या. जठराची मोटार पाणी यीस्टच्या अंगणात फेकत होती आणि यीस्टची मोटार ते आपल्या घराबाहेर. पॅन्टोप्राझोल जठराच्या मोटारीला जाऊन घट्ट चिकटते आणि ती बंद पाडते. पोकळीतला पीएच दिवसाचे बरेच तास चारच्या वर राहतो. नऊ वर्षं यीस्टच्या मोटारीवरचा ताण आम्ही विकत घेऊन हलका केला होता.

अर्थात एकट्या गोळीवर खापर फोडायला मी तयार नाही. माझ्या मते अन्ननलिकेतल्या बुऱ्याला पहिलं आमंत्रण पंपाचं. स्टेरॉइड ओढून झाल्यावर खळखळून चूळ भरायची असते. बाबा पंप ओढून थेट चहा प्यायचे. घशात उरलेलं स्टेरॉइड तिथली राखण ढिली करतं. साखरेनं त्यात भर. पावसाळ्यात खोकल्यासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकनं सॅव्हेजच्या उंदरांचं केलं तसंच काहीसं. गोळी शेवटची साथीदार. डॉक्टरांनीही असंच काहीसं सांगितलं, थोडक्यात आणि घड्याळाकडे बघत. फ्लुकोनाझोल १४ दिवस, पंपानंतर चूळ, साखर आटोक्यात, आणि ॲसिडिटीची गोळी हळूहळू कमी.

हळूहळू हा शब्द बाबांनी ऐकला नाही. त्यांनी त्याच दिवशी बंद केली. बंद ठेवलेल्या मोटारी मोकळ्या झाल्या की जठर काही दिवस नेहमीपेक्षा जास्तच आम्ल सोडतं. तिसऱ्या रात्री ते बंगईवर बसून होते, झोपता येईना. आई गार दूध घेऊन उभी. "बुरा गेला आन् आग लागली," म्हणाली. सकाळी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी कमी मात्रेची गोळी पुन्हा सुरू करून महिनाभरात उतरवायचं वेळापत्रक दिलं. ते मी फ्रिजवर चिकटवलं. कुणी वाचणारे रोजची गोळी घेत असतील तर बाबांसारखं करू नका, विचारून करा.

रविवारचा सावजी आता महिन्यातून एकदा आहे. तर्री पोह्यांवरची तर्री आई वेगळ्या वाटीत काढते आणि बाबा ती वाटी तिची पाठ वळली की ओततात.

मागच्या शनिवारी त्यांना कॉलेजात घेऊन गेले. कॅन्डिडा दाखवायचा नव्हता, तो मी घरच्या माणसाच्या हाताशी आणणार नाही. बेकरीचा यीस्ट होता. हायड्रोक्लोरिक आम्लानं पीएच अडीचवर आणलेल्या पाण्यात, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये तासभर ठेवलेला. त्यातला थेंब स्लाइडवर घेतला आणि मिथिलीन ब्लू घातलं. मेलेली पेशी निळी होते. जिवंत पेशी तो रंग आत फिका करून टाकते, म्हणून पांढरी दिसते.

बाबांनी चष्मा काढला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. फोकसची चकती मी फिरवायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतः फिरवली. कताईचं यंत्र सांभाळलेली बोटं, लगेच जमलं.

"पांढरे जिते आन् निळे मेलेले?"

"हो."

"तेजाबात तासभर ठेवलेले?"

"हो बाबा."

ते ओठ हलवत मोजू लागले. एका कोपऱ्यापासून सुरुवात, ओळीनं, धाग्यांचे गाळे मोजावेत तसं. मध्येच मोज चुकली, परत पहिल्यापासून. मी तोवर काचसामान लावत होते.

"इतके पांढरे हाये," शेवटी डोळा न काढताच म्हणाले, "आमच्या रातपाळीत तं याच्याहून कमी जागे रायत."